एक किलो कात्रण, दीडशे रुपये

घरी आल्या आल्या पिशवी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. भरली ९४० ग्रॅम. दुकानात एक किलो म्हणून दिलेली, १५० रुपये घेतलेले. साठ ग्रॅमसाठी मी परत गेले नाही, पण वहीत लिहून ठेवलं. पिशवीतला तुकडा न् तुकडा वापरायचा आणि कशाचं काय झालं ते मांडायचं, असं ठरवूनच ती आणली होती.

आमच्या कोल्हापुरात घरापासून चालत दहा मिनिटांवर गोधड्या, अभ्रे आणि कापडी पिशव्या शिवणारी एक जागा आहे. चार मशीनं, एक मोठं कटिंग टेबल. टेबलाखाली जे पडतं ते पारदर्शक पिशवीत भरून विकतात. नाव लिहीत नाही, कारण असा माल कुठेच दोनदा सारखा निघत नाही, तेव्हा पिशवीबद्दलच बोलते. मी वरून हात घालून बघायला लागले तशी काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काकू, निवडून न्हाई मिळायचं. पिशवी हाय तशीच घ्यायची." मी घेतली.

मी प्राथमिक शाळेत बत्तीस वर्षं शिकवलं आणि त्यातली बरीच वर्षं कार्यानुभवाचा तास माझ्याकडे होता. पोरं घरून कात्रणं आणायची. कुणाचा बाप शिंपी, कुणाची आई घरात ब्लाउज शिवणारी. त्यांच्याकडून पिशवीभर यायचं, आणि ज्यांच्या घरी काहीच नसायचं त्यांना आम्ही त्यातून वाटून द्यायचो. कात्रण विकत घेण्याची वेळ तेव्हा आली नाही. आता भाचीला बाळ होणार म्हणून दुपटं शिवायला घेतलं आणि घरात सुती तुकडेच उरलेले नाहीत हे लक्षात आलं. सगळं पॉलिस्टर.

आपल्या भाषेत उरल्यासुरल्या कापडाला किती शब्द आहेत बघा. कात्रण म्हणजे कात्रीतून सुटलेलं, कोरं. चिंधी फाटून झालेली. धांदोटी लांबट. ठिगळ कुठेतरी लागलेलं किंवा लागणार असलेलं. चिरगूट जुनं, मऊ, अंगावरून उतरलेलं. बोळा, फडकं, पोतेरं, मसोतं ही पुढची पायरी. दोन जुन्या लुगड्यांचे धड भाग जोडून एक केलं की त्याला दंड घातला म्हणायचे. ज्या घरांत हे शब्द रोज बोलले जायचे तिथे कुठल्या तुकड्याचं काय करायचं हे विचारावं लागत नव्हतं.

पिशवी सतरंजीवर ओतली. ओतण्याआधी एक काम केलं आणि ते प्रत्येकाने करावं असं माझं कळकळीचं सांगणं आहे. जाडसर लोहचुंबक घेतलं आणि पिशवीच्या बाहेरून, मग आतून, सावकाश फिरवलं. सात टाचण्या निघाल्या. आठवी निघाली ती अर्धी तुटलेली मशीनची सुई, टोकाच्या बाजूची. माझं बोट तिथे गेलं असतं तर गेलं असतं, पण हे कापड बाळाच्या अंगाखाली जाणार होतं. पुन्हा दुकानात गेले तेव्हा मी ते शांतपणे सांगितलं. मुलीने तोंडावर हात ठेवला, म्हणाली, आतल्या बायकांना सांगते. त्यांच्याकडच्याच पुढच्या पिशवीत दोनच टाचण्या निघाल्या, सुई नाही.

मग वाटणी केली. तळहाताएवढे किंवा त्याहून मोठे तुकडे ३१० ग्रॅम. तळहाताहून लहान पण दोन इंचांच्या वरचे २६०. दोन इंचांच्या आतले, अगदी नखाएवढ्यापर्यंत, १९०. पट्ट्या ११०. आणि सुती नसलेला, म्हणजे माझ्या कामाला न येणारा माल ७० ग्रॅम. माझी पहिली तक्रार इथेच आहे. पिशवी पारदर्शक, आणि मोठे, रंगीत, छापील तुकडे सगळे बाहेरच्या बाजूला लावलेले. मधोमध बारीक चुरा. भाजीवाल्याने वर ठळक टोमॅटो मांडावेत तसं. बारीक तुकडे असायला माझी हरकत नाही, मला तेच हवे होते, पण बघणाऱ्याला बाहेरून खरं दिसायला हवं. वासाबद्दलही सांगते: कुबट नव्हता, खळीचा होता. कोऱ्या कापडाची खळ. एका जाळीच्या पिशवीत घालून सगळं कोमट पाण्यात धुतलं. जाळीची पिशवी नसेल तर तुकड्यांचे धागे सुटून अशी गुंतवळ होते की अर्धा माल त्यातच जातो.

सुती आणि बिनसुती ओळखायला मी शाळेत करायचे तेच करते. कडेचा एक धागा ओढायचा, चिमट्यात धरायचा, खाली ताटली ठेवायची, काडी लावायची. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही जळत्या कागदाचा, आणि मागे मऊ करडी राख उरते. पॉलिस्टर आकसतं, वितळतं आणि टोकाला काळा कडक मणी होतो. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो. हात बसला की बोटांनाच कळतं, पण मिश्र कापड बोटांना फसवतं. माझ्या ७० ग्रॅममधले निम्मे तुकडे दिसायला अस्सल सुती होते.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते. दोन इंचांच्या आतल्या तुकड्यांचं करायचं काय?

हल्ली गोधडी शिकवतात ती तुकड्याला तुकडा जोडून. चारी बाजूंना दोन सूत माया, म्हणजे शिवणीसाठी जास्तीचं कापड, ठेवायची, उलट्या बाजूने टीप मारायची, शिवण इस्त्रीने उघडायची. मोठ्या तुकड्यांना हे उत्तम. पण हिशेब मांडून बघा. आठ सुतांचा एक इंच. एक इंच लांब, एक इंच रुंद तुकड्याला चारी बाजूंनी दोन-दोन सूत माया गेली की वर दिसायला उरतो अर्धा इंच बाय अर्धा इंच. म्हणजे चार भागांतला एक. तीन भाग कापड शिवणीच्या पोटात. तो गठ्ठा इतका जाड होतो की हाताची सुई त्यातून जात नाही, मशीनची सुई मोडते. दोन इंचांच्या तुकड्यातसुद्धा निम्म्याहून थोडंसंच जास्त कापड वर दिसतं. एवढे कष्ट घेऊन कापड लपवायचं का?

माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो, कागल तालुक्यातल्या. त्यांनी वाकळा शिवल्या त्या जमिनीवर लुगडं अंथरून, त्यावर गुडघे टेकून. लग्नानंतर पहिल्याच उन्हाळ्यात मी त्यांच्या शेजारी बसून दोन तुकडे एकमेकांना जोडत होते. त्यांनी माझ्या हातातनं ते काढून घेतले आणि म्हणाल्या, "चिंधीला चिंधी जोडू नगंस पोरी. चिंधी लुगड्याला जोड." मला तेव्हा ते कामाच्या घाईतलं बोलणं वाटलं होतं. या पिशवीतले १९० ग्रॅम समोर पसरले तेव्हा त्यातला अर्थ लागला. ताण सगळा खालच्या लुगड्यावर असतो. वरचा तुकडा फक्त बसायचा असतो. त्याला दोन सूत माया लागतच नाही, एक सूत दुमड पुरते, आणि तीही चारी बाजूंना नको.

कसं ते जवळून सांगते. जुनी, दहा वर्षं धुतलेली सुती साडी घेतली. ३० बाय ३६ इंचांचे दोन तुकडे, एकावर एक, कडा आत दुमडलेल्या. डाव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यापासून सुरुवात. पहिला तुकडा ठेवला, बाहेरच्या दोन कडा नखाने दुमडून दाबल्या आणि धावदोरा घातला. आतल्या दोन कडा तशाच उघड्या. पुढचा तुकडा त्यातल्या एका उघड्या कडेवर चढवायचा, त्याची फक्त चढलेली कड आणि काठाकडची कड दुमडायची. कौलं शाकारतात तसं. प्रत्येक कौल शेजारच्याची उघडी बाजू झाकतं. टाका वरून खालपर्यंत तिन्ही थरांतून जातो, त्यामुळे तुकडा बसवणं आणि गोधडी भरणं एकाच दोऱ्यात होतं. वेगळं काम उरत नाही. चौकटीच्या कडेने फिरत फिरत आत यायचं, दोन ओळींत एका बोटाचं अंतर. बारीक तुकडे असले की सुई जरा थांबते, डोळा पुढचा रंग शोधतो. निळ्यावर पिवळा ठेवून बघावा, उचलावा, हिरवा ठेवावा. माझ्या संध्याकाळी त्यात कशा गेल्या मला कळलं नाही. तेवीस दिवस लागले.

याच रीतीच्या गोधड्या उत्तर कन्नडमधल्या हल्याळ, यल्लापूर भागातल्या सिद्दी बायका शिवतात. त्यांना कवंदी म्हणतात. आफ्रिकेतून आलेल्या पूर्वजांची ही माणसं, घरात बरेचजण कोकणी बोलतात. काठापासून सुरुवात, कडेकडेने आत, तुकड्यावर तुकडा. मी धारवाडला नात्यातल्या लग्नाला गेले होते तेव्हा एका घरात कवंदी अंथरलेली पाहिली. चारी कोपऱ्यांना घडी घातलेले तिकोनी तुकडे बाहेर आलेले होते. त्यांना फुलं म्हणतात, आणि त्यांच्याशिवाय कवंदी पुरी झाली असं मानत नाहीत. मी माझ्या दुपट्याला तशीच चार फुलं लावली. एका फुलाला चार-पाच लहान तुकडे लागतात. आत्याबाईंच्या वाकळेला कोपऱ्यात फुलं नव्हती, पण त्यांना ती आवडली असती.

१९० ग्रॅमांतले एक इंचाच्या वरचे जवळजवळ सगळे या दुपट्यात बसले. आणि मग ते पहिल्यांदा धुतलं.

पिशवीत गडद डाळिंबी रंगाचं कापड होतं, बाटिकसारखं, दोन-तीन ठिकाणी लावलेलं. जाळीच्या पिशवीत सगळं एकत्र धुताना पाणी लालसर झालं होतं. मला वाटलं गेला तो जास्तीचा रंग. नव्हता गेला. भिजलेल्या दुपट्यात त्याच्या शेजारचे पांढरे तुकडे गुलाबी झाले. मी ते वाळू दिलं नाही, लगेच थंड पाण्यात पुन्हा बुडवलं, पाणी चार वेळा बदललं. बराचसा डाग गेला, थोडी झाक राहिली. डाळिंबी तुकडे उसवून काढले आणि तिथे दुसरे घातले. दोन संध्याकाळी त्यात गेल्या आणि मन फार खट्टू झालं, कारण चूक टाळता येण्यासारखी होती. आता प्रत्येक गडद तुकडा, विशेषतः लाल, डाळिंबी, निळा आणि काळा, ओला करून पांढऱ्या फडक्यात दाबते आणि वरून गरम इस्त्री फिरवते. फडक्यावर रंग उमटला तर तो तुकडा बाळाच्या कपड्यांना कधीच नाही. विकणाऱ्यांनी पिशवीवर एवढी एक ओळ लिहायला काय हरकत आहे?

एक इंचाच्या आतले तुकडे दुमडता येत नाहीत. त्यांना जाळी. जुन्या ओढणीची मऊ नेट असते ना, ती. खाली जाड सुती कापड, त्यावर हे तुकडे रांगोळीत रंग भरतो तसे चिमटीने पसरायचे, एकावर एक आले तरी चालतात, वरून नेट आणि मग टाचण्या. मशीनवर आधी उभ्या टिपा, मग आडव्या, पाऊण इंचाच्या अंतराने. एकही तुकडा निसटत नाही आणि खालचे रंग नेटमधून धुक्यातल्यासारखे दिसतात. या कापडाची मी चष्म्याची दोन घरं शिवली आणि वहीला एक वेष्टण. इस्त्री फक्त मागच्या बाजूने आणि मंद, कारण नेट नायलॉनची असते. पंधरा-वीस वेळा धुवायची वस्तू यातून करू नये असं मला वाटतं. रोज पुसायच्या फडक्याला ही रीत नाही.

पट्ट्यांनी मला सगळ्यात जास्त आनंद दिला. गोधडीच्या कडा सरळ करताना छाटलेल्या अर्ध्या इंचाच्या धांदोट्या, कुणी बघणारही नाही अशा. दोन पट्ट्या घ्यायच्या, एका टोकाला गाठ मारून ती खिळ्याला अडकवायची. प्रत्येक पट्टीला उजवीकडे पीळ आणि दोन्ही पिळलेल्या पट्ट्या एकमेकींवरून डावीकडे. उलटसुलट पिळामुळे दोरी सोडली तरी उकलत नाही. अंबाडीची दोरी वळताना आजोबा मांडीवर हेच करायचे. पट्टी संपत आली की दोन इंच आधीच नवी तिच्यावर ठेवायची, आणि दोन्ही पट्ट्या एकाच जागी संपू द्यायच्या नाहीत. ११० ग्रॅमांत जवळजवळ २५ मीटर दोरी झाली. तिची गोल गुंडाळी करून शिवत गेलं की टोपाखाली ठेवायची चकती होते. सात इंचांच्या चकतीला पाच मीटर लागतात. तीन केल्या. उरलेल्या दोरीचे बाजाराच्या पिशव्यांना बंद लावले. चकतीला मात्र अस्सल सुती पट्ट्याच हव्यात, नाहीतर चुलीवरून उतरलेल्या कढईला पॉलिस्टर वितळून चिकटेल. वरची काडीपेटीची परीक्षा इथे उपयोगी पडते.

खणाचे तुकडेही निघाले, मूठभर. गुळेदगुड्डचा खण आपल्याकडे घरोघरी, ओटीत येतो, चोळीला लागतो, त्यामुळे ते बघून बरं वाटलं. पण खण कापला की कडेचे धागे भराभर सुटतात. त्याला इस्त्रीने चिकटणारं बक्रम मागून लावल्याशिवाय कात्री लावू नये. बक्रम लावलेल्या तुकड्यांची पानं कापून दाराच्या तोरणाला लावली. हे हल्ली सगळेच करतात, म्हणून जास्त लिहीत नाही.

पांढऱ्या मलमलीच्या चार-पाच पट्ट्या वेगळ्या ठेवल्यात. कोजागरीनंतर आमच्या गल्लीतल्या विठ्ठलाच्या देवळात काकडआरती सुरू होते, महिनाभर. काकडा वळायला स्वच्छ, बिनरंगी सुती कापडच लागतं.

आणि शेवटी राहतो तो भुगा. धाग्यांचे गुंते, दाताएवढे तुकडे. भरायला वापरा असं सगळे सांगतात, पण डोक्याखालच्या उशीत हे भरू नका. कापडाचा चुरा जड असतो, त्याचे गोळे होतात, धुतलं तर आतून लवकर वाळत नाही. मी त्याची चुंबळ केली. उरेब, म्हणजे तिरक्या, कापलेल्या पट्टीची लांब नळी शिवली, म्हणजे वळवताना चुणी पडत नाही, काटकीने ठासून भुगा भरला आणि टोकाला टोक जोडलं. गोल बुडाची पितळी कळशी कपाटावर डुगडुगायची, ती आता स्थिर बसते. मातीच्या माठाखाली ठेवून बघितली होती. माठ पाझरतो, चुंबळ ओल धरते, चौथ्या दिवशी वास आला. माठाला तिवईच बरी.

दुसरी पिशवी मी गावातल्याच दुसऱ्या ठिकाणाहून घेतली. "फक्त कॉटन" असं लिहिलेली, किलोला २४० रुपये. वजन बरोबर १ किलो. काडी लावून दहा धागे तपासले, दहाच्या दहा सुती. तरी मला पहिलीच जास्त आवडली. दुसरीत सगळं एकाच ठशाचं, निळ्यावर पांढरी बुट्टी, तीन रंगछटांत. दुपट्याला ते नीटनेटकं दिसतं, पण सुई थांबून पुढचा रंग शोधण्याची जी मजा आहे ती त्यात नाही. ज्यांना एकसारख्या उशा किंवा टेबलावरचं आच्छादन करायचंय त्यांनी नक्की दुसरी घ्यावी, नव्वद रुपये वसूल आहेत.

तिसरा माल फुकटचा. आमचे शिंपी मास्तर अस्तराचं कात्रण देतात, टू बाय टूचं. एकरंगी, मऊ, बहुतेक वेळा रंग न सोडणारं. ब्लाउजच्या गळ्यातून आणि मुंढ्यातून निघालेले तुकडे चंद्रकोरीसारखे असतात, त्यांची वळलेली कड उरेब असल्यामुळे ताणते. ओढून बसवले तर खालच्या लुगड्याला झोल येतो. ते फक्त ठेवायचे आणि टाचायचे, हाताने ताणायचे नाहीत. गोल फुलं करायची असतील तर मात्र याहून चांगला तुकडा नाही. मास्तरांना मी तीन चकत्यांतली एक दिली. ती त्यांनी इस्त्री टेकवायला ठेवली आहे.

तर पहिल्या पिशवीला माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. वजन, चुऱ्याची लपवाछपवी आणि ती सुई, यांचे दीड गुण गेले. सुईचे आणखी गेले असते, पण सांगितल्यावर त्यांनी ऐकलं. १५० रुपयांत तळहाताएवढे ३१० ग्रॅम तुकडे तर मी अजून कपाटात राखून ठेवलेत, त्यांना हात लावलेला नाही. शनिवारी संध्याकाळी तिथल्या बायका टेबल झाडतात आणि पिशव्या भरतात. रविवारी दुकान सकाळी अर्धा दिवस उघडं असतं. तेव्हा गेलात तर ताजा माल मिळतो. चुंबक खिशातून न्या, पिशवीवरून बाहेरूनच फिरवून बघा, त्याला कुणी नाही म्हणत नाही.